लिंक्डइनवरून नोकरी शोधताना: तुम्ही परत परत विचारलेले प्रश्न

मेसेजमध्ये जे प्रश्न येतात त्यातले बरेचसे तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट बसून सगळं लिहून काढलंय. मी बरीच वर्षं भरतीच्या कामात होते, म्हणजे दिवसभर लोकांची प्रोफाइलं शोधणं आणि वाचणं हेच काम, आणि मधे सात महिने माझी स्वतःची नोकरी नव्हती तेव्हा दुसऱ्या बाजूनेही हे सगळं अनुभवलंय. प्रश्नांना नंबर दिलेत, एका ठिकाणी सांगितलेलं परत लिहिलं नाहीये, तिथे नंबर बघून जा.

१. लिंक्डइन म्हणजे नक्की काय? नोकरीच्या एवढ्या साइट्स असताना हे कशाला?

जॉब साइटवर तुम्ही रेझ्युमे टाकता, जाहिरातीला अर्ज करता आणि वाट बघता. लिंक्डइनवर जाहिराती आहेतच, पण २००३ साली ते सुरू झालं तेव्हापासून त्याचा पाया ओळखींचा आहे. तुमच्याशी थेट जोडलेला माणूस फर्स्ट डिग्री, त्याच्या ओळखीचा सेकंड, त्याच्याही पलीकडचा थर्ड. एखाद्या कंपनीचं पेज उघडलं की तिथे तुमच्या ओळखीच्या कोणाच्या ओळखीचं कोण बसलंय हे दिसतं, आणि माझ्या मते संपूर्ण साइटमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. प्रोफाइल म्हणजे दुकानाची पाटी, ती वाचता आली पाहिजे हे खरं, पण नोकरी बहुतेक वेळा पाटी वाचून आत आलेल्या माणसाशी झालेल्या बोलण्यातून लागते.

२. प्रीमियम घ्यावंच लागतं का?

नाही. प्रोफाइल, कनेक्शन, नोकऱ्यांचा शोध, जॉब अलर्ट, अर्ज, हे सगळं फुकट आहे. प्रीमियममध्ये इनमेल मिळतात, म्हणजे कनेक्शन नसलेल्या माणसालाही मेसेज करता येतो, आणि प्रोफाइल कोणी बघितलं त्याची मोठी यादी दिसते. ट्रायल असेल तर ती प्रोफाइल पूर्ण झाल्यावर, शोध जोरात सुरू असताना घ्या, आणि संपायची तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. प्रोफाइल अर्धवट असताना पैसे भरून काही होत नाही, हे मी कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय.

३. फोटो टाकायलाच पाहिजे का? मला फोटो आवडत नाहीत.

टाका. स्टुडिओत जायची गरज नाही, खिडकीसमोर उभं राहून कोणाकडून तरी मोबाइलवर काढून घ्या, चेहरा स्पष्ट, मागे पसारा नाही, लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला नको. फोटो नसलेलं प्रोफाइल खोटं असेल अशी शंका येते कारण खोटी प्रोफाइलं खरंच खूप असतात. काही खासगी कारणाने चेहरा दाखवायचा नसेल तर सेटिंगमध्ये फोटो फक्त कनेक्शन्सना दिसेल असं करता येतं.

४. हेडलाइनमध्ये काय लिहू? "नोकरीच्या शोधात" असं लिहिलं तर चालेल?

हेडलाइन म्हणजे प्रोफाइलवर नावाखाली येणारी ओळ. तिला २२० अक्षरांची जागा आहे आणि ती शोधात, कमेंटखाली, मेसेजमध्ये, सगळीकडे तुमच्या नावासोबत फिरते. तिथे फक्त "नोकरीच्या शोधात" लिहिलं तर तुम्ही कोण हेच कळत नाही. मी शोधायला बसायचे तेव्हा "पेरोल" टाइप करायचे, "मेहनती" असं कधीच टाइप केलं नाही, कोणीच करत नाही. त्यामुळे कामाचं नाव आधी, बाजारात ज्या नावाने ते काम ओळखलं जातं तेच, मग तुमची खासियत, मग जागा उरली तर सध्या उपलब्ध आहात हे. "पेरोल एक्झिक्युटिव्ह, ५ वर्षं, मोठ्या कारखान्यांचे पगार आणि वैधानिक कपाती, नवीन संधीसाठी उपलब्ध" एवढं पुरे. कंपनीने तुम्हाला काहीतरी अंतर्गत पदनाम दिलेलं असेल जे बाहेर कोणालाच कळत नाही, उदाहरणार्थ "असोसिएट ग्रेड तीन", तर हेडलाइनमध्ये समजेल असं नाव वापरा आणि अनुभवात अधिकृत पदनाम ठेवा.

५. अबाउट लिहायला घेतलं की सुचतच नाही. किती मोठं हवं?

अबाउट म्हणजे प्रोफाइलवर स्वतःबद्दल लिहायची जागा. मर्यादा २६०० अक्षरांची आहे, पण भरलंच पाहिजे असं नाही. सुरुवातीच्या दोनतीन ओळीच दिसतात, बाकीचं क्लिक केल्यावर उघडतं, त्यामुळे पहिल्या ओळीत "मी एक ध्येयवेडी व्यक्ती आहे" असलं काही घालवू नका. एखाद्या जुन्या सहकाऱ्याला फोनवर सांगताय असं समजा: सध्या काय करते, कशात हात चांगला बसलाय, पुढे काय करायचंय. खरंच सुचत नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा, बोला, आणि मग लिहून काढा. बोलताना माणूस खरं आणि सोपं बोलतो.

६. अनुभवात लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाहीच. मी आपलं रोजचं काम केलं, अवॉर्ड वगैरे काही नाही. काय लिहू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण विचारणारा माणूस आठदहा वर्षं एखादं खातं एकट्याने सांभाळत असतो.

रोजचं काम हाच अनुभव. फक्त ते असं लिहायचं की न बघितलेल्या माणसाला दिसलं पाहिजे. एका ताईंनी लिहिलं होतं "अकाउंट्सचं काम बघितलं". मी त्यांना फोनवर विचारत गेले, महिन्याला किती बिलं, साधारण ४०० म्हणाल्या, महिनाअखेरचं क्लोजिंग किती दिवस चालायचं, आधी ९ दिवस आता ५, का कमी झालं, तर म्हणाल्या मी एक शीट बनवली ज्यात न जुळणाऱ्या नोंदी आपोआप लाल होतात. आता बघा, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं पण "बघितलं" या एका शब्दात गाडलं गेलं होतं. प्रोफाइलवर आम्ही तेच लिहिलं, महिन्याला ४०० बिलं, क्लोजिंग ९ वरून ५ दिवसांवर, त्यासाठी बनवलेली शीट. एक शब्दही वाढवून नाही लिहिला.

स्वतःला हे प्रश्न विचारा: किती, किती वेळात, कोणासाठी, माझ्या आधी कसं चालायचं, मी सुट्टीवर गेले की काय अडायचं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, जे अडतं ते तुमचं खरं काम. आणि आकडा नसेल तर ओढूनताणून टक्के टाकू नका. "कार्यक्षमता ३७ टक्क्यांनी वाढवली" असं वाचलं की मी मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारायचे, कशी मोजली, आणि तिथेच गाडी अडायची. "नवीन आलेल्या सगळ्यांना काम शिकवायला माझ्याकडे पाठवायचे" हे बिनआकड्याचं वाक्य आहे पण त्यातून किती कळतं.

७. मी फ्रेशर आहे, अनुभवाचा रकाना रिकामाच राहणार ना?

का राहील? कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, घरच्या धंद्यात केलेला हिशेब, स्वयंसेवी काम, शिकवण्या, सगळं चालतं, प्रश्न ६ मध्ये सांगितलं तसंच लिहायचं. प्रोजेक्ट चौघांचा असेल तर तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा. फीचर्ड म्हणून जागा असते तिथे रिपोर्ट, डिझाइन, कोड, व्हिडिओ, जे काही दाखवता येतं ते लावा, फ्रेशरच्या बाबतीत आम्ही ते उघडून बघायचोच.

अजून एक, कॉलेजच्या पेजवर अल्युम्नाय नावाचा टॅब असतो. तिथे तुमच्याच कॉलेजची मुलं आज कुठल्या कंपनीत, कुठल्या कामात आहेत हे गाळून बघता येतं. तुमच्यापेक्षा दोनतीन वर्षं पुढे असलेले लोक शोधा, ते स्वतः नुकतेच यातून गेलेले असतात. त्यांना काय लिहायचं ते प्रश्न १२ मध्ये.

८. स्किल्स किती टाकू, आणि एंडॉर्समेंट, रेकमेंडेशन यात फरक काय?

स्किल्स १०० पर्यंत टाकता येतात, पण तुम्हाला हवं त्या कामाच्या दहाबारा जाहिराती वाचा आणि त्यात वारंवार येणारी जी खरंच येतात तीच टाका, कारण भरतीवाले या शब्दांवरून गाळतात. एंडॉर्समेंट म्हणजे कोणीतरी तुमच्या स्किलवर एक क्लिक केलं, त्याला फार वजन नाही. रेकमेंडेशन म्हणजे माणसाने स्वतःच्या नावाने चार ओळी लिहिल्या, ते मी नेहमी वाचायचे. मागताना "माझ्यासाठी रेकमेंडेशन लिहा ना" एवढंच म्हटलं तर समोरचा अडतो आणि मग राहूनच जातं, त्यापेक्षा "सर, आपण ते गोदाम हलवलं तेव्हाच्या माझ्या कामाबद्दल दोनतीन ओळी लिहाल का" असं विचारा. आलेलं रेकमेंडेशन तुम्ही मान्य केल्याशिवाय प्रोफाइलवर दिसत नाही, काही चुकलं असेल तर दुरुस्ती मागता येते.

९. ती हिरवी रिंग लावू का? ऑफिसात कळलं तर?

ती रिंग म्हणजे ओपन टू वर्क, तुम्ही कामासाठी उपलब्ध आहात हे दाखवायची सोय. तिचे दोन प्रकार आहेत आणि लोक नेहमी गल्लत करतात. एक सगळ्यांना दिसणारा, त्यात फोटोभोवती हिरवी चौकट येते. दुसरा फक्त रिक्रूटरना दिसणारा, त्यात फोटोवर काहीच दिसत नाही, पण भरतीसाठीचं खास लिंक्डइन वापरणाऱ्यांना तुम्ही उपलब्ध आहात हे कळतं.

नोकरी गेलेली असेल, नोटीस पिरियड सुरू असेल, फ्रेशर असाल, तर बिनधास्त हिरवी लावा. "त्याने माणूस गरजू दिसतो" असं बरेच जण म्हणतात, माझं मत उलट आहे, मला तातडीने माणूस हवा असायचा तेव्हा मी आधी त्यांनाच फोन करायचे.

नोकरीत असाल आणि गुपचूप शोधत असाल तर दुसरा प्रकार. यात लिंक्डइन तुमच्या सध्याच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ही माहिती लपवायचा प्रयत्न करतं, पण संपूर्ण खात्री देत नाही, हे ते स्वतःच तिथे लिहितात. कंपनी बाहेरच्या एजन्सीकडून भरती करून घेत असेल तर त्या एजन्सीच्या माणसाला दिसू शकतं. त्यामुळे कळलं तर खरंच मोठा त्रास होईल अशी परिस्थिती असेल तर कुठलाच प्रकार लावू नका, प्रोफाइल चांगलं करा आणि थेट माणसांशी बोला. प्रोफाइल बदलल्याचा गाजावाजा कसा टाळायचा ते पुढच्या प्रश्नात.

१०. मी प्रोफाइल सुधारलं की सगळ्यांना नोटिफिकेशन जातं का? आणि मी कोणाचं प्रोफाइल बघितलं ते त्यांना कळतं का?

नवीन नोकरी किंवा शिक्षण टाकताना नेटवर्कला कळवायचं का असा एक स्विच असतो, तो बंद ठेवा. हेडलाइन, अबाउट, स्किल्स बदलले तर गवगवा होत नाही. तरी एका रात्रीत सगळं बदलण्यापेक्षा आठवडाभरात थोडं थोडं बदला, शेजारच्या टेबलवरच्याच्या डोळ्यात येत नाही.

बघितलेलं कळतं, हो. प्रायव्हेट मोड लावता येतो, पण फ्री अकाउंटवर मग तुमचं प्रोफाइल कोण बघून गेलं हे तुम्हालाही दिसत नाही. मी म्हणेन नाव दिसू द्या. ज्याच्या कंपनीत जायचंय त्याला तुमचं नाव दिसलं तर बिघडलं काय, कित्येकदा तो उलट येऊन तुमचं बघतो.

११. माझी कोणाशीच ओळख नाही. कनेक्शन कोणाला पाठवू? ५०० झाली पाहिजेत ना?

५०० चा काही नियम नाही, फक्त त्याच्या वर गेलं की प्रोफाइलवर "५००+" दिसतं म्हणून लोकांच्या मनात तो आकडा बसलाय.

ओळख नाही असं म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या ओळखी असतात, फक्त त्यांना त्या "ओळखी" वाटत नाहीत. जुन्या ऑफिसातला दुसऱ्या डिपार्टमेंटचा माणूस, क्लासमधली मुलगी जिच्याशी आता बोलणं नाही, आधीच्या कामातला व्हेंडर, ट्रेनिंगमध्ये दोन दिवस शेजारी बसलेला. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी लागलेल्या लोकांना त्याने विचारलं की ज्याने सांगितलं तो माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर जेमतेम १६.७ टक्के लोक म्हणाले नेहमी, ५५.६ टक्के म्हणाले अधूनमधून, २७.८ टक्के म्हणाले क्वचितच. कारण समजायला सोपं आहे, जवळच्या मित्राला जे माहीत असतं ते तुम्हालाही माहीत असतं, लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात फिरतो आणि तिकडच्या बातम्या आणतो. पुढे २०२२ मध्ये सायन्स या नियतकालिकात लिंक्डइनवरच्याच सुमारे २ कोटी लोकांवरचा अभ्यास आला, त्यातही निघालं की मध्यम विरळ ओळखी नोकरी बदलायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, अगदी घट्टही नाही आणि अगदी नावापुरत्याही नाही.

म्हणून सुरुवात अनोळखी लोकांपासून करू नका. एक वही घ्या, आतापर्यंतची प्रत्येक नोकरी, कॉलेज, कोर्स लिहा आणि प्रत्येकापुढे आठवतील ती नावं. तासाभरात ६०-७० नावं सहज होतात. त्यांना आधी जोडा. माझी सात महिन्यांनी नोकरी लागली ती आठ वर्षांपूर्वी एकाच प्रोजेक्टवर भेटलेल्या बाईंमुळे, आणि मी सहा महिने त्यांना विचारलंच नव्हतं कारण वाटायचं त्यांना मी आठवतही नसेन.

१२. अनोळखी माणसाला मेसेजमध्ये काय लिहायचं? मी "सर प्लीज जॉब द्या" लिहितो, कोणी उत्तर देत नाही.

उत्तर येत नाही कारण त्या माणसाच्या हातात नोकरी नसते, मग तो काय लिहिणार, गप्प बसतो. त्याच्या हातात जे आहे ते मागा: माहिती. पाच मिनिटांत उत्तर देता येईल असा एक प्रश्न.

असं काहीतरी: "नमस्कार सर, तुम्ही गोदामाच्या कामातून डेटा ॲनालिसिसकडे वळलात हे प्रोफाइलवर वाचलं. मी सध्या स्टोअर सुपरवायझर आहे आणि तोच प्रयत्न करतोय. एकच विचारायचं होतं, सुरुवातीला तुम्हाला एक्सेल जास्त उपयोगी पडलं की एसक्यूएल? सवडीने सांगितलंत तरी चालेल." यात रेझ्युमे जोडलेला नाही, नोकरी मागितलेली नाही, आणि समोरच्याला कळतं की याने माझं प्रोफाइल खरंच वाचलंय. उत्तर आलं की आभार माना, सांगितलेलं खरंच करून बघा, आणि दोनतीन आठवड्यांनी काय झालं ते कळवा. हे तिसरं पाऊल जवळजवळ कोणीच टाकत नाही आणि लक्षात राहतात ते हेच लोक. त्यानंतर "तुमच्याकडे अशी जागा निघाली तर सांगाल का" विचारायला काहीच हरकत नाही.

फ्री अकाउंटवर कनेक्शन विनंतीला नोट जोडणं महिन्यातून मोजक्याच वेळा जमतं आणि जागाही २०० अक्षरांचीच असते, त्यामुळे नोट महत्त्वाच्या लोकांसाठी राखून ठेवा. बाकीच्यांना साधी विनंती पाठवा, स्वीकारली की मग सविस्तर लिहा.

जाहिरात निघालेली असेल आणि त्याच कंपनीत ओळखीचा माणूस असेल तर मात्र आडवळणाने जाऊ नका, जाहिरातीची लिंक, तुम्ही का बसता ते दोन ओळीत, आणि "रेफर कराल का" असं सरळ विचारा. बऱ्याच कंपन्यांत रेफर करणाऱ्याला बक्षीसही मिळतं, त्यामुळे तुम्ही फार मोठे उपकार मागताय असं समजू नका.

१३. मेसेज बघितला पण उत्तर नाही. परत पाठवू का?

एकदा, आठदहा दिवसांनी, दोन ओळी. त्यानंतर सोडून द्या आणि मनाला लावून घेऊ नका, लोक मेसेज गर्दीत वाचतात आणि विसरतात. आणि न स्वीकारलेली कनेक्शन विनंती मागे घेणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच माणसाला पुन्हा विनंती पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

१४. ईझी अप्लायने २०० ठिकाणी अर्ज केलेत, एकही कॉल नाही. प्रोफाइलमध्ये काय चुकतंय?

बहुतेक प्रोफाइलमध्ये नाही, पद्धतीत चुकतंय. ईझी अप्लाय म्हणजे लिंक्डइनवरूनच झटपट अर्ज करायचं बटण, आणि जे बटण तुम्हाला सोपं आहे ते सगळ्यांनाच सोपं आहे, त्यामुळे अशा जाहिरातीवर पहिल्याच दिवशी अर्जांचा ढीग पडतो. मी ढिगाच्या त्या बाजूला बसलेय आणि खरं सांगते, पहिले काही डझन नीट वाचले जातात, मग थकवा येतो, हे बरोबर नाही पण होतं.

जॉब अलर्ट लावून जाहिरात पडल्या दिवशीच अर्ज करा. रेझ्युमे त्या जाहिरातीप्रमाणे थोडा फिरवा, आणि रेझ्युमेतल्या तारखा प्रोफाइलशी जुळल्या पाहिजेत, न जुळल्या तर लगेच शंका येते. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर तीच जाहिरात असेल तर तिथून करा. आणि अर्ज केल्यावर कंपनीतला एक तरी माणूस शोधून प्रश्न १२ सारखा मेसेज टाका. दिवसाला वीस अर्जांऐवजी आठवड्याला आठ करा, पण असे. माझ्याकडे विचारणाऱ्यांपैकी ज्यांनी हे बदललं त्यांना कॉल यायला लागले.

१५. पोस्ट टाकल्याच पाहिजेत का? मला लाज वाटते.

नाही. लोक एकही पोस्ट न टाकता नोकऱ्या मिळवतात. लाज वाटत असेल तर आपल्या क्षेत्रातल्या लोकांच्या पोस्टखाली नीट कमेंट करा, "छान माहिती" नको, तुमच्या अनुभवातलं काहीतरी. कमेंटसोबत तुमची हेडलाइन दिसतेच. नोकरी गेली असेल तर मात्र एक पोस्ट जरूर टाका: काय काम येतं, कसलं काम हवंय, कुठे चालेल. जुन्या कंपनीबद्दल वाईट एक अक्षर नको, राग कितीही रास्त असला तरी.

१६. मधे तीन वर्षं घरी होते, आजारी सासूबाईंची सेवा, मुलं. गॅप लपवू का?

लपवू नका, आणि तारखा ताणून तर अजिबात नका, पडताळणीत जुन्या कंपनीला तारखाच विचारतात. २०२२ पासून लिंक्डइनवर अनुभवातच करिअर ब्रेक टाकायची सोय आहे, त्यात कुटुंबाची देखभाल, आजारपण, नोकरी जाणं अशी कारणं निवडता येतात. एक ओळ पुरे, "कुटुंबातील आजारपणामुळे विश्रांती, आता पूर्णवेळ कामासाठी तयार". त्या काळात कोर्स केला असेल, सोसायटीचा हिशेब सांभाळला असेल तर तेही टाका. कारण सांगायचं नसेल तरी चालतं, तुमच्या घरातली प्रत्येक गोष्ट सांगायला तुम्ही बांधील नाही.

१७. फील्ड बदलायचंय. जुना अनुभव काढून टाकू?

काढू नका, वळवून लिहा. शिक्षिका असाल आणि ट्रेनिंगच्या कामात जायचं असेल तर "सातवी ते दहावी गणित" याच्याइतकंच "दरवर्षी नवीन शिक्षकांचं प्रशिक्षण घेतलं" हे वर आलं पाहिजे. हेडलाइन नव्या दिशेची ठेवा पण खोटं पदनाम नको, अजून ॲनालिस्ट झाला नसाल तर तसं लिहू नका. आणि प्रश्न ११-१२ तुमच्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे, कारण शोधाच्या गाळणीत तुम्ही अडकणार, माणसाशी बोलताना नाही.

१८. माझं काम गोपनीय आहे, क्लायंटचं नावसुद्धा लिहिता येत नाही. मग?

नाव न लिहिता आकार आणि स्वरूप लिहा: "एका मोठ्या बँकेसाठी", "रुग्णालयांच्या साखळीसाठी". करारात काय म्हटलंय ते आधी वाचा, काही करारांत प्रकल्पाचा उल्लेखही चालत नाही, तिथे फक्त वापरलेली कौशल्यं लिहा. प्रश्न ६ मधले आकडे टाकतानाही हे बघा, कंपनीची विक्री किंवा ग्राहकसंख्या ही तुमची उघड करायची माहिती नसते, तुमच्या कामाचे आकडे वेगळे.

१९. ऑफिसच्या ईमेलवर अकाउंट उघडलं होतं, नोकरी सुटली, आता लॉगिन होत नाही. नवीन काढू का?

नवीन काढायच्या आधी जुनं परत मिळतंय का बघा, मोबाइल नंबर जोडलेला असेल तर त्यावरून मिळू शकतं, नाहीतर ओळखपत्र देऊन हेल्प सेंटरकडे मागता येतं. दोन अकाउंट झालीच असतील तर ती एकत्र करता येतात, पण फक्त कनेक्शन्स येतात, मेसेज आणि रेकमेंडेशन येत नाहीत. ज्यांची नोकरी सुरू आहे त्यांनी हे वाचता वाचताच सेटिंगमध्ये जाऊन स्वतःचा खासगी ईमेल जोडा आणि तोच मुख्य करा. नोकरी जाते त्या दिवशी ऑफिसचा ईमेल दुपारपर्यंत बंद झालेला असतो, आणि नेमकी तेव्हाच या अकाउंटची सगळ्यात जास्त गरज असते.

२०. रिक्रूटरचा मेसेज आला, पगार मस्त आहे, पण लगेच व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर या म्हणतोय. खरं असेल का?

सावध व्हा. व्हॉट्सॲपवर बोलणारे खरे रिक्रूटरही असतात, पण पुढचं काहीही दिसलं तर थांबा: नोंदणीचे, ट्रेनिंगचे, लॅपटॉपचे पैसे मागणं, न बघता न बोलता फक्त चॅटवर "सिलेक्शन", ऑफर लेटरच्या आधी बँकेची माहिती किंवा ओटीपी. खरी कंपनी नोकरी द्यायला पैसे घेत नाही, याला अपवाद नाही. प्रोफाइल कधी उघडलंय, कनेक्शन किती, ईमेल कंपनीच्या डोमेनवरून आहे का ते बघा, आणि कंपनीच्या साइटवरून नंबर घेऊन विचारा. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी वेगळं सांगते, "टेस्ट आहे, हा प्रोजेक्ट डाउनलोड करून चालवा" अशा नावाखाली मशीनमध्ये व्हायरस घालायचे प्रकार झालेत, अनोळखी कोड स्वतःच्या रोजच्या लॅपटॉपवर चालवू नका. फसला असाल तर लाज बाळगू नका, लगेच बँकेला आणि पोलिसांच्या सायबर विभागाला कळवा, आणि ते प्रोफाइल रिपोर्ट करा.

२१. एआयकडून प्रोफाइल लिहून घेतलं तर ओळखू येतं का?

बऱ्याचदा येतं, कारण शंभर जणांचं अबाउट सारखंच वाचायला मिळतं. इंग्रजी कच्चं असेल तर मदत जरूर घ्या, त्यात काही गैर नाही, पण माहिती तुमची द्या, प्रश्न ६ ची उत्तरं आधी स्वतः मराठीत लिहा आणि मग भाषा सुधारून घ्या. आणि आलेलं प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचा. मुलाखतीत तुमच्या तोंडून येणार नाही असं वाक्य प्रोफाइलवर नको.

२२. नोकरी लागली! आता प्रोफाइलचं काय करू?

आधी मनापासून अभिनंदन. ओपन टू वर्क बंद करा, आणि नवीन नोकरी प्रोफाइलवर जॉइन झाल्यावरच टाका, ऑफर मागे घेतल्याची उदाहरणं मी बघितलीत. मग ज्या ज्या लोकांनी उत्तर दिलं, रेफर केलं, नुसतं "बघतो" म्हटलं, त्या प्रत्येकाला स्वतंत्र मेसेज करून सांगा. कॉपी पेस्ट नको, प्रत्येकाने काय केलं ते आठवून लिहा. आणि पुढच्या वेळी कोणी अनोळखी मुलगा "सर, एकच विचारायचं होतं" असं लिहील तेव्हा त्याला उत्तर द्या.